शेकरूचे घर आणि शेकरूचा घास



भिवंडीच्या निजामपुऱ्यात मी मुलांना विज्ञान शिकवतो. एके दिवशी सहावीतला एक मुलगा मासिकातून कापलेले चित्र घेऊन आला. झाडाच्या बेचक्यात एक जाडजूड प्राणी बसलेला, तोंड अस्वलाच्या पिल्लासारखे, आणि लांबलचक शेपटी खाली लोंबकळत असलेली. चित्राखाली नाव छापले होते, वृक्षकांगारू. मुलगा म्हणाला, "गुरुजी, कांगारू जमिनीवर उड्या मारतो ना? मग हा झाडावर कशाला राहतो? आणि वर बसून खातो तरी काय?"

राहतो कुठे आणि खातो काय! प्रश्न दोनच, पण कोणत्याही प्राण्याची निम्मी कहाणी या दोन प्रश्नांत येते. म्हणून आधी त्या मुलाचेच उत्तर देऊ, आणि मग आपल्या घराजवळच्या एका प्राण्याकडे वळू.

वृक्षकांगारू हा न्यू गिनी बेटावरच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांताच्या पावसाळी जंगलांत राहणारा प्राणी. त्याचे पूर्वज जमिनीवरचेच. पुढे केव्हातरी त्यांतले काही झाडांवर चढले आणि तिथेच रमले. त्यांचे पुढचे पाय मजबूत झाले. मागचे पाय आखूड व रुंद झाले, आणि एकेक पाय सुटा टाकता येऊ लागला. लांब शेपटी तोल सांभाळण्याच्या कामी आली. खाणे म्हणाल तर मुख्यतः पाला, जोडीला फळे, फुले, नेचे. आपल्या गाईम्हशींप्रमाणे त्याच्या पोटातही पाला आंबवणारा कप्पा असतो. त्यामुळे जून, चिवट पानांतूनही तो आपले पोषण काढून घेतो.

"मग असा प्राणी आपल्याकडे नाही?" मुलाने विचारले.

कांगारू आपल्याकडे नाही. पण झाडावर जन्मणारा, झाडावर जेवणारा आणि झाडावरच निजणारा एक प्राणी आपल्या दारात आहे. भिवंडीहून कल्याण, आणि कल्याणहून मुरबाडकडे निघालात, की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. सिद्धगडापासून वर भीमाशंकरपर्यंतचे जे रान आहे, ते त्याचे घर. त्याचे नाव शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून पाठ्यपुस्तकात त्याचे नाव असते. मुले ते पाठ करतात, पण ते कुठे राहते आणि काय खाते हे विचारले की गप्प बसतात.

शेकरू म्हणजे मोठी खारच. पण आपल्या अंगणातली खारूताई मुठीत मावेल एवढी, आणि शेकरू शेपटीसकट जवळजवळ हातभर नव्हे, दोन हात लांब. वजन दीड-दोन किलो. पाठ तांबूस तपकिरी, पोट व छाती फिकट पिवळसर, आणि भीमाशंकरच्या शेकरूच्या झुपकेदार शेपटीचे टोक पांढुरके. पुष्कळ लोक त्याला उडती खार समजतात. ते चूक आहे. उडत्या खारीच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, आणि ती रात्री हिंडते. शेकरूला पडदा नाही. ते दिवसाउजेडी हिंडते, सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी जास्त. दुपारच्या उन्हात फांदीवर पोट टेकून पडून राहते.

कर्जत तालुक्यातल्या खांडसच्या बाजूने भीमाशंकरची पायवाट चढताना एकदा एक म्हातारे बाबा भेटले. मी दोन तास चालून दमलो होतो, आणि शेकरू काही दिसले नव्हते. बाबा हसून म्हणाले, "गुरुजी, खाली बघून चालाल तर शेकरा दिसायचा न्हाई. आधी ऐका, मग मान वर करा." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने वरून खुळखुळा वाजावा तसा खडखडाट आला, आणि पाठोपाठ अर्धवट कुरतडलेले फळ पुढ्यात पडले. वर पाहतो तो शेकरू मागच्या पायांनी फांदी धरून उलटे लटकले आहे, पुढच्या दोन पायांत फळ धरून खाते आहे, आणि शेपटी पलीकडे सोडून तोल सांभाळते आहे. आमची चाहूल लागली तसे ते पळाले नाही. फांदीला चिकटून असे निपचित पडले की सालीचा तुकडाच वाटावा. गरुडासारख्या शिकारी पक्ष्यांपासून जीव वाचवण्याची त्याची रीत हीच.

आता घराविषयी. शेकरू काड्या व पाने गुंफून चेंडूसारखे गोल घरटे बांधते. ते जाड खोडाजवळ न बांधता फांद्यांच्या बारीक टोकांकडे बांधते. का? कारण बारीक फांदीवर बिबट्यासारखे जड जनावर येऊ शकत नाही. आपल्या हद्दीत एकेक शेकरू अशी अनेक घरटी राखते. आज या घरट्यात, उद्या त्या घरट्यात. पिल्लांसाठी त्यांतलेच एक वापरतात. पिल्ले बहुधा एक किंवा दोन. म्हणजे एक झाड म्हणजे शेकरूचे घर असे समजू नका. आपल्या घरात जशी ओटी, माजघर आणि पडवी, तशी शेकरूची झाडे. एका खोलीतून दुसरीत जायचे ते फांदीवरून. जमिनीवर ते क्वचितच उतरते. खाली कुत्री, रानमांजरे आणि बिबटे असतात, आणि जमिनीवर त्याची चालही अवघडलेली असते. झाडावर मात्र एका फांदीच्या टोकावरून दुसऱ्या फांदीच्या टोकावर ते सहा मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे वीस फूट उडी घेते.

आता घासाकडे वळू. शेकरू फळे खाते, बिया खाते, फुले, कोवळी पाने आणि झाडाची सालही खाते. कधी किडे आणि पक्ष्यांची अंडीही. उंदराच्या कुळातले असल्यामुळे त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कठीण कवचाची बीसुद्धा ते फोडते. पण वृक्षकांगारूसारखा पाला आंबवणारा मोठा कप्पा त्याच्या जठराला नाही. नुसत्या जून पाल्यावर वर्ष काढणे त्याला जड जाते. त्याला पाल्याच्या जोडीला फळ, बी, फूल असे काहीतरी कसदार लागते, आणि तेही बाराही महिने.

इथेच खरी अडचण आहे. आपल्या रानात कोणतेच झाड बारा महिने फळत नाही. आंबा उन्हाळ्यात, जांभूळ पावसाच्या तोंडाशी. मग चार महिने ढग रानात उतरून बसतात, मुसळधार पाऊस झोडपत असतो, आणि पिकलेले फळ मिळणे मुश्किल होते. तेव्हा शेकरू पाने, बिया, साल यांवर दिवस काढते. एका झाडाचे ताट रिकामे झाले, की त्याला दुसऱ्या झाडाच्या ताटावर जावे लागते. संशोधक डॉ. रेनी बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात भीमाशंकरच्या शेकरूंचा अभ्यास केला, तो याच अंगाने. अन्न रानात सगळीकडे सारखे पसरलेले नसताना हा प्राणी आपले पोट कसे भरतो, हा त्यांच्या कामाचा विषय होता.

टंचाईच्या दिवसांत उंबर आणि त्याच्या जातीची वड, पिंपळ यांसारखी झाडे मोठा आधार असतात. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण "उंबराचे फूल झालात" असे म्हणतो. उंबराची फुले असतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गाठीच्या आत असतात. चिलटाएवढी एक बारीक माशी त्या गाठीत शिरते, परागण करते आणि तिथेच अंडी घालते. तिची नवी पिढी बाहेर पडली, की एक-दोन दिवसांच्या आयुष्यात तिला दुसरी योग्य गाठ शोधावी लागते. म्हणून परिसरात कुठल्या ना कुठल्या झाडावर गाठी तयार असाव्याच लागतात. सगळी उंबरे एकाच वेळी फळली, तर माशी उरणार नाही, आणि माशी नाही तर उंबरही नाही. या जुन्या करारामुळे उंबर, वड, पिंपळ वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, आणि इतर झाडे रिकामी असताना पाखरांना, माकडांना आणि शेकरूला घास देतात. एका जातीची शंभर झाडे ओळीत लावली, तर ती एकदमच फळतील आणि एकदमच रिकामी होतील. नाना जातींच्या मिसळीच्या रानाला तोड नाही, ती यामुळे.

निजामपुऱ्यातल्या माझ्या मुलांना मी हे मागाच्या भाषेत सांगतो. आमच्या गावात घरोघरी यंत्रमाग पाहिलेली मुले आहेत. ताण्यातले एक सूत तुटले, तर सूत संपलेले नसते. बिमावर हजारो सुते शिल्लक असतात. तरी माग थांबवावा लागतो, कारीगर येऊन ते सूत सांधतो, तेव्हा कापड पुढे सरकते. शेकरूचे तसेच आहे. रानात झाडे कितीही असोत, आंबा आणि उंबर यांच्यामधली फांदीची वाट तुटली, की पलीकडचे उंबर त्याच्या कामाचे राहत नाही. भरल्या ताटासमोर उपाशी बसण्याची पाळी त्याच्यावर येते.

वृक्षकांगारूचीही हीच गत झालेली आहे. क्वीन्सलँडमधल्या अ‍ॅथर्टन पठारावर शेतीसाठी जंगल तोडले गेले आणि त्याचे तुकडे राहिले. तिथला वृक्षकांगारू एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाताना जमिनीवर उतरतो, आणि कुत्र्यांच्या तोंडी किंवा मोटारींखाली सापडतो. त्याला निदान जमिनीवर बऱ्यापैकी चालता तरी येते. शेकरूला तेवढीही सोय नाही.

ही वाट आपल्याकडे कशाने तुटते? भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली शेकरूची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा बंदुकीचे भय पूर्वीइतके नाही. पण रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना सोडतात. देवस्थानाला येणाऱ्या गर्दीसाठी जागा मोकळ्या होतात. आणि तिसरे कारण, आपल्या शेतकरी बंधूंच्या अगदी जवळचे, ते म्हणजे राब.

ठाणे, रायगड आणि मावळपट्टीच्या श्रोत्यांना राब समजावून सांगायला नको. शिक्षक मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. भाताची रोपे करायच्या जागेवर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते जाळतात. त्यामुळे तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते, आणि रोप जोमदार येते. आपले वाडवडील हे उगाच करत नव्हते. डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत चार पोती भात पिकवायचे, तर रोप चांगले हवेच. त्यासाठी ऐनासारख्या झाडांचा टहाळ तोडायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट.

यात झाड मरत नाही. म्हणूनच नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मालकी रानातली झाडे मोजली, तर गेल्या वर्षी होती तेवढीच भरतात. पण आडव्या फांद्या गेल्यामुळे झाड खांबासारखे उभे राहते, वर नुसता शेंडा. दोन झाडांच्या मधले बारा फुटांचे अंतर तीस फूट होते. बारा फूट शेकरू हसत उडेल. तीस फूट त्याला झेपणार नाही. झाड तेच, जागा तीच, वाट मात्र बंद. माझ्या मते शेकरूविषयी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी पुष्कळ झाले. झाडे मोजताना त्यांच्यामधली अंतरेही मोजावीत.

"मग आम्ही भात पिकवायचा की शेकरू?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्याची चूल भातावर चालते, त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. पण आता राबाशिवायही चांगले रोप करता येते. कोकणात प्रचारात आलेली चारसूत्री भातलागवड पाहा. तिचे पहिले सूत्र असे की, भाताच्याच तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावी. त्या राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर गिरिपुष्पाची झाडे लावावीत, आणि त्यांचा कोवळा पाला लावणीआधी चिखलात गाडावा. म्हणजे टहाळ बांधावरच मिळतो, आणि रानातल्या ऐनाची फांदी फांदीलाच राहते. दुसरी वाट नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखवली आहे. त्यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर भाताचे बी थेट टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपवाटिकाही नाही, आणि रोपवाटिका नाही तर राबही नाही. नेरळ हे कर्जत तालुक्यातले, म्हणजे भीमाशंकरच्या पायथ्याकडचेच गाव. एकदम सगळ्या शेतात बदल करू नका. एका खाचरात करून पाहा, पीक मोजा, आणि मग ठरवा.

दुसरा धडा आपल्या पूर्वजांनीच घालून दिलेला आहे, तो देवराईचा. भीमाशंकरच्या परिसरात, आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्यासारख्या गावी, देवाच्या नावाने राखलेल्या राया अजून उभ्या आहेत. तिथली झाडे उंच, वेली जाड, आणि फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. देवराईतली फांदी तोडायची नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. तो पाळायला शिपाई लागला नाही.

न्यू गिनीच्या लोकांनी अगदी असेच केले आहे. पापुआ न्यू गिनी देशातल्या ह्युऑन द्वीपकल्पात एका जातीचा वृक्षकांगारू राहतो. तिथली जमीन सरकारची नाही, गावकऱ्यांच्या कुळांची आहे. योपनो, उरुवा आणि सोम या तीन नद्यांच्या खोऱ्यांतल्या लोकांनी आपल्या जमिनींचे काही भाग शिकार व तोड न करता राखायचे ठरवले. २००९ साली त्या ७५,००० हेक्टरांहून मोठ्या मुलखाला त्यांच्या सरकारने संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता दिली, आणि तिन्ही नद्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव युस ठेवले. आपण देवाच्या नावाने राखले, त्यांनी कुळाच्या ठरावाने राखले. राखणारे दोन्हीकडे गावकरीच.

शिक्षक बंधुभगिनींना आता दोन गोष्टी सुचवतो. पैसा लागत नाही.

पहिली, मैदानातला खेळ. फक्कीने आठ-दहा मोठी वर्तुळे काढा. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एका झाडाचा घेर. मधली अंतरे अशी ठेवा, की मुलाला एका उडीत पलीकडे जाता येईल. एका टोकाला आंबा, दुसऱ्या टोकाला उंबर. मुले शेकरू होऊन इकडून तिकडे जातील. मग वर्तुळे पुसा आणि त्याच मध्यबिंदूंवर निम्म्या आकाराची काढा. आता विचारा, "झाडे किती?" मुले सांगतील, "तेवढीच." "मग जाऊन दाखवा उंबरापर्यंत!" पाय जमिनीला लागला की शेकरू बाद. टहाळ तोडल्याने काय होते, ते सांगण्याची गरजच उरणार नाही.

दुसरी, बारा महिन्यांचा तक्ता. शाळेच्या आसपासची पाच झाडे निवडा. त्यांत एक तरी उंबर, वड किंवा पिंपळ असू द्या. दर महिन्याला मुलांनी पाहावे, कोवळी पाने आहेत का, फूल आहे का, फळ आहे का, आणि ते कोण खाते. वर्षाअखेर तक्त्यातले रिकामे महिने दिसतील. गावात नवे झाड लावायचे असेल, तर त्या रिकाम्या महिन्यांत फळणारे लावा, आणि असे लावा की दहा-पंधरा वर्षांनी त्याची फांदी शेजारच्या झाडाला भेटेल.

आमच्या निजामपुऱ्यात शेकरू नाही, आणि भिवंडीभोवती गोदामे वाढत असताना ते इथे येईल अशी आशाही मी करत नाही. पण चित्र घेऊन आलेल्या त्या मुलाचे मामा मुरबाडकडे शेती करतात. दिवाळीच्या सुट्टीहून परत आल्यावर तो मला म्हणाला, "गुरुजी, मामांच्या रानात ऐनाची अकरा झाडं आहेत. मी मधली अंतरं पावलांनी मोजली. सात ठिकाणी वाट आहे, तीन ठिकाणी तुटलीय. मामा म्हणाले, त्या तीन ठिकाणच्या फांद्या यंदा ठेवू."